कोलत्यांची फिरंग

“हात धुऊन या, सायेब. फिरंगीला उष्टा हात चालत न्हाई.”

हिंदूराव कोलते मला हे म्हणाला तेव्हा त्याच्या स्वतःच्या हातांना कोपरापर्यंत बोकडाचं रक्त होतं. ते त्यानं रांजणाच्या पाण्यानं सावकाश धुतलं, धोतराला हात पुसले आणि मला पुढं व्हायची खूण केली.

खंडेनवमी होती. पुरंदरच्या पायथ्याशी चिंचुर्डी नावाची वाडी आहे, तिथल्या कोलत्यांच्या अंगणात घोंगडीवर शस्त्रं मांडली होती. दोन गंजक्या तलवारी, एक ठासणीची बंदूक, कोयते, कुऱ्हाडी, अगदी ट्रॅक्टरचे पानेसुद्धा. सगळ्यांना झेंडूच्या माळा. आणि मधोमध पाटावर, लाल कापडावर, ती एकटी. सुऱ्याएवढी, मूठभर शेंदूर फासलेली. गावात तिला ‘कोलत्यांची फिरंग’ म्हणत. दसऱ्याला भैरवनाथाची पालखी शिवेकडे निघाली की पालखीच्या पुढं फिरंग आणि फिरंगीच्या मागं सगळं गाव, असा तिथला रिवाज होता.

मी ती बघायला गेलो होतो. खरं म्हणजे घ्यायला गेलो होतो.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. मी पिंपरीच्या एका कारखान्यात अग्निशमन अधिकारी होतो. कारखान्यात जर्मन भागीदारी होती, त्यामुळं काही वर्षांपूर्वी मला सहा महिने तिकडं शिकायला पाठवलं होतं. ज्या गावात मी राहिलो तिथला बंब गावातलीच माणसं चालवायची. कुणी शिक्षक, कुणी सुतार. भोंगा झाला की हातातलं काम टाकून धावायचे. त्यांचा नायक पाव भाजायचा धंदा करायचा. निघताना त्यानं मला आपल्या वडिलांचा सुरा दिला. पूर्वी बंबवाल्यांना संचलनाच्या दिवशी, गणवेशावर कमरेला लावायला असे सुरे मिळायचे. चकचकीत निकेलचं पातं, चौकटीचौकटीची काळी मूठ, मुठीचं टोक पाखराच्या डोक्यासारखं वळलेलं. पात्यावर आम्लानं कोरलेली नक्षी. शिरस्त्राण, एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन कुऱ्हाडी आणि शिडी.

त्या एका सुऱ्यानं मला नाद लावला. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, बंगलोरची एक अँग्लो-इंडियन विधवा, जिथं वास लागेल तिथं मी जायचो. दिसायला ते सैनिकाच्या संगिनीसारखे असतात, म्हणून दुकानदार संगीन म्हणूनच गळ्यात मारायला बघतात. पण संगिनीच्या मुठीला बंदुकीत अडकवायची खाच असते. बंबवाल्याच्या सुऱ्याला ती नसते. मी आधी खाच बघायचो, मग शिडी शोधायचो. माझ्या केबिनच्या भिंतीवर काचेच्या पेटीत ते ओळीनं लावलेले होते आणि रोज सकाळी कामाला लागण्याआधी मी त्यांच्यावरून एकदा नजर फिरवायचो.

बबन कोलते आमच्याकडं लेथवर होता. तिशीचा, शिडशिडीत, हाताचा पक्का. आगीच्या कवायतीसाठी नावं द्यायला केबिनमध्ये आला आणि त्या पेटीसमोर उभाच राहिला.

“साहेब, ही शिडी सगळ्यांवर असते?”

“बहुतेकांवर. का रे?”

“हे लढाईचे नव्हेत?”

“छे. आग विझवणाऱ्यांचे. नुसते मिरवायचे.”

त्यानं एकेका पात्यावरची शिडी शोधून पाहिली. मग म्हणाला, “आमच्या घरी असाच एक आहे. खंडेनवमीला बाहेर काढतात. बघायला याल?”

“विकणार का?”

“आधी बघा तर. आणि येताना यातला एक घेऊन या. ताडून बघता येईल.”

वाटेत जीपमध्ये त्यानं मला फिरंगीची कथा सांगितली. महायुद्धात इंग्रजांनी पुरंदरवर जर्मन लोक ठेवले होते. त्यातला एक शिपाई पहारा चुकवून पळाला. बबनचे आजोबा, बापू कोलते, तेव्हा किल्ल्यावर ये-जा करायचे. खिंडीत दोघांची गाठ पडली. जर्मनानं संगीन उपसली. बापूंनी त्याला उचलून आपटला, संगीन हिसकावली आणि तीच त्याच्या मानेला लावून त्याला परत वर नेला. बापूंच्या थोरल्या मुलानं ही हकिकत गावाला सांगितली आणि पालखीपुढचा मान कोलत्यांच्या घरात आला. तो मुलगा आता नव्हता, बबनचे वडीलही नव्हते. मान थोरल्या पातीकडं, म्हणजे बबनच्या चुलतभावाकडं, हिंदूरावाकडं होता.

पुरंदरवर नजरकैदेत होते ते पाद्री, डॉक्टर, व्यापारी आणि त्यांची बायकापोरं, हे मला ठाऊक होतं. शिपाई नव्हते. पण दुसऱ्याच्या घरच्या कथेत आपण कशाला तोंड घालायचं, म्हणून मी गप्प राहिलो. बबनची बायको शालन मागच्या बाकावर बसली होती. ती एकदाच बोलली.

“मागच्या वर्षी ह्यांनी फिरंगीला हात लावला तर भाऊजींनी पालखीसमोर ह्यांच्या मुस्काटात मारली. त्ये न्हाई सांगितलं व्हय सायबांना?”

“गप बस,” बबन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मी हात धुऊन पाटाजवळ बसलो. ओट्यावर बापू बसले होते. ऐंशीच्या पुढचे, उंच, पांढरा फेटा, गुडघ्यावर काठी. येणारा प्रत्येकजण आधी त्यांच्या पायांवर डोकं ठेवत होता आणि ते कुणाकडं न बघता हात वर करत होते. सरपंच आले होते, वाडीतली दहावीस जाणती माणसं होती. हिंदूरावाचा मेव्हणा संपत कोयत्यानं मटणाचे वाटे करत होता.

फिरंग मी दोन्ही हातांनी उचलली. मुठीला खाच नव्हती. एक फडकं मागून घेतलं आणि पात्याच्या मुळाशी शेंदूर हळूच पुसला. पातं बनवणाऱ्याचा ठसा होता, जर्मनीतल्या सोलिंगेन गावचा. थोडं वर पुसलं. शिरस्त्राण. आणखी वर. शिडीच्या दोन पायऱ्या दिसल्या तिथं मी हात थांबवला. मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या पट्टीवर बारीक अक्षरांत एक नावही कोरलेलं होतं.

“काय म्हणतीया फिरंग?” सरपंचांनी विचारलं.

“जुनी आहे,” मी म्हणालो. “अस्सल जर्मन आहे. फार जपून ठेवलीत तुम्ही.”

हिंदूराव खूश झाला. छाती पुढं काढून त्यानं सगळ्यांकडं पाहिलं. मी फिरंग पाटावर ठेवणार, एवढ्यात बबन पुढं आला. माझ्या पिशवीतून त्यानं माझा सुरा कधी काढून घेतला होता मला कळलंही नव्हतं. तो त्यानं फिरंगीशेजारी लाल कापडावर ठेवला.

“बघा,” तो म्हणाला. “सगळ्यांनी बघा. तीच मूठ, तेच पातं. ही शिडी, ही शिडी. साहेबांनी हा जर्मनीतनं आणलाय. कुणाकडनं आणला, साहेब?”

“बबन, हे आपण घरात बसून बोलू.”

“घरात कशाला? हितंच सांगा. मागच्या वर्षी हितंच झालं सगळं, चारचौघांत.”

तेव्हा मला समजलं की मला कशासाठी आणलंय. मी उठलो. सरपंचांनी माझा हात धरला. “सांगा की सायेब. त्यात काय यवडं?”

मी हिंदूरावाकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, दोन्ही पात्यांकडं आळीपाळीनं बघत होता. मी म्हणालो, “सगळी एकाच गावात बनायची. नक्षी सारखी असू शकते.”

“बंबवाल्याचा आहे!” बबन ओरडला. “आमच्या कारखान्यात भिंतीवर ओळीनं लावलेत असले. लढाईचा नव्हंच हा. आग विझवणाऱ्यांना कमरेला लावून मिरवायला द्यायचे. कसला शिपाई आन् कसली खिंड! बापू, तुमी सांगा. सांगा सगळ्यांना.”

सगळ्या माना ओट्याकडं वळल्या. बापूंनी काठीवरचे हात हलवले. त्यांचं तोंड उघडलं. त्यांनी समोरच्या एकेका चेहऱ्याकडं पाहिलं, आत्ताच पायांवर डोकं ठेवून गेलेल्या एकेका माणसाकडं, आणि तोंड पुन्हा मिटलं.

“बापूंना काय इचारतोस रं?” हिंदूराव म्हणाला. आवाज अजून चढलेला नव्हता.

सरपंचांनी वाकून फिरंग उचलली आणि पात्यावरून अंगठा फिरवला. इकडून तिकडं, मग पुन्हा तिकडून इकडं.

“आयला, ह्याला तर धारच न्हाई,” ते म्हणाले. “कोथमिरीची जुडी कापायची न्हाई ह्यानं.”

मागून कुणीतरी हसलं. “बंबवाल्याची सुरी!” म्हणून दुसरा हसला. मग हसू पसरत गेलं, बायकांच्या घोळक्यापर्यंत गेलं. बबनही हसला. वर्षभर दाबून ठेवलेलं हसू होतं ते, बाहेर पडलं ते आवरेना.

हिंदूरावानं सरपंचांच्या हातातून फिरंग घेतली. शांतपणे घेतली.

“धार न्हाई?” त्यानं बबनला विचारलं.

“न्हाई,” बबन म्हणाला.

हिंदूरावानं ती त्याच्या पोटात घातली. डाव्या बरगडीच्या खाली, खालून वर, मुठीपर्यंत. बबनच्या तोंडावर हसू तसंच होतं. त्यानं खाली वाकून पाहिलं, दोन पावलं मागं गेला आणि झेंडूच्या माळांवर बसला.

क्षणभर कुणीच हललं नाही. मग शालन किंचाळली आणि अंगण फुटलं. कुणी दारातून पळालं, कुणी भिंतीवरून. मी बबनच्या अंगावर झेपावलो. त्याचा हात मुठीकडं जात होता, तो मी धरला. नोकरीत शिकलेलं एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. आत गेलेली वस्तू बाहेर काढायची नाही. ती आहे तोवर तिनंच भोक बुजवलेलं असतं. शालनचा पदर फाडून मी मुठीभोवती गच्च गुंडाळला.

“पाय धरा,” मी तिला म्हणालो. “जीपमध्ये घालू.”

तिनं धरले. दुसरं कुणी पुढं आलं नाही. आम्ही दोघांनी त्याला मागच्या भागात आडवा केला तोवर हिंदूराव जागचा हलला नव्हता. आपल्या रिकाम्या हाताकडं बघत होता. आम्ही जीपची मागची फळी लावायला लागलो तेव्हा त्याला भान आलं.

“फिरंग,” तो म्हणाला. “आमची फिरंग नेत्यात. संपत, फिरंग!”

संपत कोयता घेऊन धावला. मला वाटलं माझ्यावर येतोय, पण त्यानं कोयता टाकला आणि फळीवरून वाकून बबनच्या पोटातल्या मुठीला हात घातला. शालन त्याच्या दंडाला लोंबकळली. सीटखाली जीपचं लोखंडी हँडल असायचं. ते मी ओढून काढलं आणि त्याच्या मनगटावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. त्यानं दुसरा हात पुढं केला. त्यावरही मारलं. तो गुडघ्यावर बसला, तेव्हा थांबायला हरकत नव्हती. मी त्याच्या खांद्यावर आणखी एकदा मारलं. आयुष्यात मी कुणावर हात उगारलेला नव्हता आणि त्या घटकेला मला तो माणूस मेला असता तरी चाललं असतं.

जीप दारातून काढताना मी ओट्याकडं पाहिलं. बापू उभे होते. काठी खाली पडली होती.

वाडीपासून सासवडच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळा दगडगोट्यांचा रस्ता. जोरात जावं तर बबन उसळायचा, हळू जावं तर वेळ जायचा. शालन त्याचं डोकं मांडीवर घेऊन, मुठीभोवती दोन्ही हात घट्ट धरून बसली होती.

“डोळं उघडं ठेवा,” ती सारखी म्हणत होती. “माज्याकडं बगा.”

पहिला दगड ताडपत्रीवर आपटला. आरशात मोटारसायकल दिसली. वाडीतला कुणी एक चालवत होता आणि मागं हिंदूराव. पुढचा दगड माझ्या शेजारच्या काचेवर आला आणि काच माझ्या मांडीत पडली. गालातून रक्त आलं. मी गाडी दामटली. ओढ्यापर्यंत ते मागंच राहिले, पण ओढ्याला पाणी होतं, तळाशी शेवाळलेले गोटे होते. दुसऱ्या गिअरवर उतरावंच लागलं. मधोमध पोचलो आणि जीप मागून दबली.

हिंदूराव आत चढला होता.

मी ब्रेक दाबला आणि सीटवरून उलटा मागं गेलो. शालननं त्याच्या हाताला दात लावले होते, त्यानं तिला गुडघ्यानं छातीत मारलं आणि ती पत्र्यावर आदळली. मी त्याची मान मागून आवळली. तो माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा होता. त्यानं डोकं मागं झटकलं आणि माझं नाक फुटलं. डोळ्यांपुढं सगळं लाल झालं तरी मी सोडलं नाही.

“हात लावू नकोस!” मी ओरडलो. “काढलीस तर मरेल तो! ऐकतोयस का? काढलीस की मेला तो!”

त्यानं ऐकलं. माझ्या हातात त्याची मान क्षणभर ढिली पडली, म्हणून मी सांगतो, त्यानं ऐकलं. मान वळवून त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा. त्याच्या नजरेत राग राहिलेला नव्हता. काहीतरी समजावून सांगावं तसं तो म्हणाला, “उद्या पालखी हाय, सायेब.”

आणि त्यानं दोन्ही हातांनी मूठ धरून ती बाहेर ओढली.

रक्त एकदम, घागर पालथी व्हावी तसं आलं. हिंदूराव मागच्या बाजूनं ओढ्यात उतरला. मी बबनच्या पोटावर दोन्ही तळवे दाबले, अंगातला शर्ट काढून कोंबला, शालनला वर बसवून तिच्या सगळ्या वजनानं दाबायला लावलं आणि पुन्हा स्टिअरिंगवर गेलो. ओढ्यातून वर चढताना आरशात दिसलं, हिंदूराव गुडघाभर पाण्यात वाकून फिरंग धूत होता. मुठीवरची पदराची चिंधी त्यानं सोडवून पाण्यात टाकली.

डांबरी रस्त्याला लागल्यावर बबननं हाक मारली. “साहेब.”

“बोल.”

“सारखेच होते ना? दोन्ही?”

“सारखेच होते,” मी म्हणालो. “तू बरोबर ओळखलंस.”

“मग,” तो म्हणाला.

सासवडची घरं दिसायला लागली तेव्हा शालननं त्याच्याशी बोलायचं थांबवलं होतं. दवाखान्याच्या दारात मी मागं गेलो तर ती अजून दाबूनच बसली होती. डॉक्टरांनी येऊन तिचे हात सोडवले.

मी दिलेला जबाब लिहून घेताना हवालदाराला पहिल्यांदा पटेचना. दुसऱ्या दिवशी पोलीस वाडीत गेले तेव्हा पालखी देवळातून निघत होती. फिरंग पुढं होती. नवा शेंदूर, नवी माळ. हिंदूरावानं अंघोळ केली होती, नवा फेटा बांधला होता. त्याला म्हणे धरावं लागलं नाही. शिवेपर्यंत जाऊ द्या एवढंच त्यानं विनवलं. जाऊ दिलं नाही तेव्हा त्यानं फिरंग पालखीत ठेवली आणि त्यांच्याबरोबर चालू लागला. पालखीतून ती पोलिसांनी काढून घेतली. अंगणात पडलेला माझा सुराही जप्त झाला.

खटला पुण्याला दीड वर्ष चालला. माझी साक्ष महत्त्वाची होती, एक तर सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं आणि दुसरं म्हणजे त्या वस्तूबद्दल जाणणारा दुसरा कुणी सापडत नव्हता. आरोपीच्या वकिलांनी माझ्या संग्रहाची चौकशी केली, फार कौतुक केलं. मग फिरंग माझ्या हातात दिली. शेंदूर आता निघालेला होता, सगळी नक्षी उघडी पडली होती.

“हे शस्त्र आहे का, चौबळसाहेब?”

“नाही. दागिना आहे.”

“याला धार असते?”

“नसते. लावतच नाहीत. टोक असतं.”

“म्हणजे चारचौघांत अपमान झालेल्या एका खेडुतानं रागाच्या भरात, धार नसलेला एक दागिना उगारला. बरोबर?”

“पहिल्यांदा, हो,” मी म्हणालो.

वकिलांनी माझ्याकडं चमकून पाहिलं आणि बसायची घाई केली, पण न्यायाधीशांनी हात वर केला. “पहिल्यांदा म्हणजे?”

मी ओढ्यातलं सगळं सांगितलं. मी काय ओरडलो ते, त्याची मान माझ्या हातात कशी ढिली पडली ते आणि तो काय म्हणाला ते. “घातली तेव्हा तो बबनकडं बघत होता,” मी म्हणालो. “काढली तेव्हा त्याला तिथं बबन दिसतच नव्हता.”

आरोपीच्या पिंजऱ्यात हिंदूराव खाली मान घालून उभा होता. त्यानं काही नाकारलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की सुरा आत राहिला असता तर माणूस वाचण्याची शक्यता होती. हिंदूरावाला जन्मठेप झाली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात शालन मला भेटली. नमस्कार केला. तिचा भाऊ तिला न्यायला आला होता. “येते,” म्हणाली आणि गेली. मी फाटकाकडं निघालो तर पिंपळाच्या पारावर बापू बसलेले. फेट्याऐवजी डोक्याला नुसता पंचा होता. एक नातू गेला होता, एक तुरुंगात चालला होता. त्यांच्यासोबत कुणीच नव्हतं.

“बसा, सायेब,” ते म्हणाले.

मी बसलो. मग त्यांनी विचारलं, “तिच्यावर नाव हाय म्हनं. कुनाचं?”

“हेरमान लिंडे. बंबाचा नायक असावा.”

“बाईचं न्हाई?”

“नाही. कुठली बाई?”

“मग बापाचं आसंल तिच्या,” बापू म्हणाले.

ते माझ्याकडं बघत नव्हते. समोर वकिलांची, पक्षकारांची ये-जा चालली होती, तिकडं बघत बोलत होते. “मी गडावर दूध घालायचो. शेरडाचं. त्या गोऱ्या लोकांत एक बाई व्हती, तिचं पोर आजारी. लई बारीक. तिला दूध परवडायचं न्हाई. आमची घरची शेरडं, मी तसंच द्यायचो. सगळा पावसाळा दिलं. पोर उठलं, चालाय लागलं. त्यांना दुसरीकडं न्यायचं ठरलं तवा तिनं मला आत बोलावलं. गादीत शिवून ठिवल्याली, उसवून काढली. माज्या हातात दिली. मी भ्यालो. सुरी बगून कुनीबी भील. म्हनलं, ही कशाला मला? तिला माजी भाषा यीना, मला तिची. मग तिनं काय केलं, चुलीत लाकूड पेटल्यालं व्हतं, त्याच्यावर तांब्याभर पानी वतलं. चर्र झालं, खोलीभर धूर. पोर खोकाय लागलं. तिनं फिरंगीकडं बोट केलं, इझल्याल्या लाकडाकडं केलं आन् हसली.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणालो. “पहिल्या दिवसापासून.”

“व्हय.”

“मग लोकांना सांगितलं का नाहीत?”

“थोरल्याला सांगितलं व्हतं. माज्या पोराला. त्यो म्हनला, बापू, शेरडाच्या दुधाची गोष्ट गावात कोन ऐकनार? मी सांगतो बगा गावाला. आन् त्यानं सांगितलं.” बापूंनी पंच्यानं तोंड पुसलं. “दुसऱ्या दिवशी पाटील माज्या पाया पडला.”

सासवडच्या गाडीची वेळ झाली होती. मी त्यांना रिक्षानं स्टँडवर नेलं, खिडकीजवळ जागा मिळवून दिली. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा दंड धरला.

“त्या बाईचं नाव कळंल का, सायेब? कुनाला इचारून?”

“बघतो,” मी म्हणालो.

पुढं बरीच वर्षं मी खूप ठिकाणी विचारलं. कळलं नाही.